मदरबोर्ड बदलला म्हणून फॉरमॅट मारायलाच हवं का?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०ला सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलं. वेगळी नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मुदत वाढवून मिळाली, पण ती मुदतच. विंडोज ११वर जायचं तर त्याच्या अटी कडक आहेत: इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासून पुढचा, आणि शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप. मुलांच्या अकरावी-बारावीच्या वेळी घेतलेला, अजून व्यवस्थित चालणारा घरचा कॉम्प्युटर या चाळणीतून खाली पडतो.

मग बहुतेकांचा हिशेब एकच असतो. कॅबिनेट तेच, मॉनिटर तोच, दोन वर्षांपूर्वी टाकलेली एसएसडी (विंडोज आणि फायली जिच्यावर असतात ती डिस्क) तीच. फक्त मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम नवीन. दुकानात गेलं की उत्तर मिळतं, "करून देतो, पण फॉरमॅट मारावा लागेल."

माझे मामा या एका वाक्यामुळे वर्षभर थांबले होते. निवृत्त शिक्षक. कॉम्प्युटरवर घरातल्या तीन पिढ्यांचे स्कॅन केलेले फोटो, गावच्या इतिहासाची टिपणं, आणि बोटांना सवय झालेलं मराठी टायपिंग. फोटोंची प्रत काढून ठेवता येते हे त्यांना माहीत होतं. भीती दुसरीच होती: सगळं पुन्हा "आपल्यासारखं" लावायचं कोणी? ही भीती खरी आहे. कॉम्प्युटर म्हणजे नुसत्या फायली नव्हेत. कुठला प्रिंटर कुठल्या नावानं, कुठला फॉन्ट कुठे, कुठला प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरकडे बघतो, ही वर्षानुवर्षं बसलेली घडी असते, आणि फॉरमॅट ती एका झटक्यात मोडतो.

विंडोज १० किंवा ११ असेल तर बहुतेक वेळा फॉरमॅटची गरज नसते. मात्र त्यासाठीची खरी तयारी कॅबिनेट उघडण्याआधी, जुना बोर्ड जिवंत असतानाच करायची असते. ती कशी आणि का, ते नीट समजून घेऊ.

## विंडोजला बोर्ड कळतो कसा?

मदरबोर्ड म्हणजे ज्यावर सगळे भाग बसतात ती मोठी पाटी. प्रोसेसर, रॅम, एसएसडी, नेटवर्क, आवाज, यूएसबी, सगळ्यांचं एकमेकांशी बोलणं तिच्यावरून चालतं. विंडोजला या प्रत्येक भागाशी बोलायला एक दुभाषी लागतो. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात.

प्रत्येक भागाकडे दोन आकड्यांचं ओळखपत्र असतं. पहिला आकडा बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या वस्तूचा. इंटेलचा कंपनी-आकडा ८०८६ आहे. १९७८ साली त्यांनी काढलेल्या प्रसिद्ध प्रोसेसरचं नावच त्यांनी इथे वापरलं. एएमडीचा १०२२. कॉम्प्युटर सुरू होताना विंडोज प्रत्येक भागाला ओळखपत्र विचारतं आणि आपल्या साठ्यातून त्याचा दुभाषी शोधून कामाला लावतं. हा साठा सी ड्राइव्हवरच एका फोल्डरमध्ये असतो, आणि नेहमीच्या भागांचे बरेचसे दुभाषी त्यात मुळातच भरलेले असतात.

म्हणजे बोर्ड बदलला की विंडोजच्या दृष्टीनं बरीचशी माणसं नवीन येतात. जुने दुभाषी रिकामे बसतात, नवे कामाला लागतात. यात मोडण्यासारखं काही नाही. मग पूर्वी निळी स्क्रीन यायची ती का?

## कपाटाची किल्ली कपाटात

दुभाष्यांचा साठा एसएसडीवर आहे हे वर आलंच. पण एसएसडीशी बोलायलाही एक दुभाषी लागतो. तोच ठाऊक नसेल तर साठ्यापर्यंत पोचणार कसं? कपाटाची किल्ली कपाटातच राहिली, असा हा पेच.

त्यावर उपाय म्हणून सुरुवातीच्या काही क्षणांत लागणारे थोडे ड्रायव्हर आधीच हाताशी ठेवलेले असतात. विंडोज स्वतः जागं होण्यापूर्वी त्याला सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम बोर्डाच्या मदतीनं त्यांना रॅममध्ये आणून ठेवतो. प्रश्न एवढाच, की त्या थोडक्यांत नव्या बोर्डाचा ड्रायव्हर आहे की नाही.

२००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीत बहुतेक वेळा नसायचा. एक्सपी बसवताना समोर जी डिस्क-जोडणी दिसली तिचाच ड्रायव्हर सुरुवातीच्या यादीत जायचा. बोर्ड बदलला की निळ्या पडद्यावर शेवटी ७बी असलेला लांबलचक आकडा यायचा. त्याचा अर्थ, "ज्यावरून सुरू व्हायचं ती डिस्कच मला सापडत नाही." त्यात भर म्हणजे प्रोसेसर आणि बोर्डाच्या मूलभूत रचनेशी जुळवून घेणारा थरसुद्धा एक्सपी बसवतानाच कायमचा निवडलेला असायचा. त्यामुळे त्या काळात "बोर्ड बदलला, फॉरमॅट मारा" हा सल्ला अगदी बरोबर होता. दुकानदार आजही तेच म्हणतात ते त्या अनुभवातून. मला त्यांचा राग येत नाही. वीस वर्षांपूर्वी हात भाजलेला माणूस सावधच बोलणार.

पुढे गोष्टी बदलल्या. व्हिस्टापासून तो मूलभूत थर सुरू होतानाच ओळखून निवडता येऊ लागला. विंडोज ७मध्ये डिस्कची अडचण अधूनमधून यायची. विंडोज ८च्या मोठ्या संस्थांसाठीच्या आवृत्तीत तर पेनड्राइव्हवर विंडोज ठेवून ते वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर चालवण्याची अधिकृत सोय होती. रोज वेगळ्या बोर्डावर जागं होऊ शकणारं विंडोज तेव्हाच तयार झालं होतं. विंडोज १० आणि ११मध्ये सर्वसाधारण साटा डिस्क आणि एनव्हीएमई एसएसडी यांचे ड्रायव्हर मुळातच असतात. नवा बोर्ड दिसला की पडद्यावर "उपकरणं तयार करत आहोत" अशा अर्थाची ओळ येते, टक्के वाढतात, पडदा एकदोनदा काळा होतो, कॉम्प्युटर पुन्हा सुरू होतो आणि तुमचा नेहमीचा डेस्कटॉप समोर येतो.

## आजही अडतं ते कुठे?

दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमधला (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या पानावरचा) डिस्कचा प्रकार. काही बोर्डांवर डिस्क "रेड" पद्धतीनं (मुळात अनेक डिस्क एकत्र बांधण्यासाठीची पद्धत) लावलेली असते, काहींवर साध्या "एएचसीआय" पद्धतीनं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये आणि नंतरच्या काही डेस्कटॉप बोर्डांवर व्हीएमडी नावाची आणखी एक सोय चालू असते. ती चालू असली की एसएसडी एका पडद्यामागे जाते आणि इंटेलचा खास ड्रायव्हर असल्याशिवाय विंडोजला दिसत नाही. नवा बोर्ड लावल्यावर "डिस्क सापडत नाही" अशी निळी स्क्रीन आली तर फॉरमॅटचा विचारही करू नका. बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करा, एएचसीआय निवडा आणि पुन्हा सुरू करा. बऱ्याचदा तेवढ्यानंच काम होतं.

जुना बोर्ड रेडवर होता आणि नवा एएचसीआयवर असेल, तर बोर्ड काढण्यापूर्वी एक युक्ती करून ठेवता येते. विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अत्यावश्यक गोष्टींसह, सुरू व्हायला सांगायचं. सेफ मोडमध्ये ते डिस्कचे मूळचे सगळे ड्रायव्हर उघडून बघतं आणि योग्य तो कायमचा यादीत घेतं. एकदा तसं सुरू झालं की सेफ मोड काढून टाकायचा. फक्त सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, तेव्हा खात्याचा खरा पासवर्ड पाठ हवा. दोन डिस्क जोडून खरीखुरी रेड रचना केलेली असेल, तर मात्र आधी संपूर्ण बॅकअप घेतल्याशिवाय कशालाही हात लावू नका. इंटेलच्या बोर्डानं केलेली ती रचना एएमडीच्या बोर्डाला सहसा वाचता येत नाही.

दुसरं ठिकाण जरा खोल आहे.

## रुळांची रुंदी

बार्शी लाइट रेल्वे आठवते? तिचे रूळ नॅरोगेज होते. तिचा डबा कितीही धडधाकट असला तरी शेजारच्या ब्रॉडगेजवर चढवता आला नसता, कारण चाकांमधलं अंतरच वेगळं. डिस्कचंही तसंच आहे. कॉम्प्युटर सुरू करण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी बायोस, नवी यूईएफआय. जुनी पद्धत डिस्कवर एमबीआर नावाचा आराखडा शोधते, नवी जीपीटी नावाचा. एमबीआरमध्ये दोन टेराबाइटच्या पुढची जागा वापरता येत नाही आणि मुख्य विभाग चारच करता येतात. विंडोज ११ला हवी असते ती नवी पद्धत.

विंडोज ७च्या काळात बसवलेलं आणि पुढे फुकट अपग्रेड होत १०वर आलेलं विंडोज बहुधा जुन्या आराखड्यावर असतं. नव्या काही बोर्डांवर जुनी पद्धत चालवण्याची सोयच उरलेली नाही. एसएसडी लावली, बोर्डाला दिसतेय, पण "सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही" असा निरोप आला, की समजायचं: चाकं नॅरोगेजची आहेत.

तुमच्याकडे काय आहे ते पाहायला स्टार्ट मेनूत "सिस्टिम इन्फर्मेशन" शोधा आणि "बायोस मोड" ही ओळ वाचा. तिथे यूईएफआय असेल तर हा भाग सोडून पुढे जा. लेगसी असेल तर डबा न मोडता चाकं बदलायची सोय विंडोजमध्येच आहे. एमबीआरटूजीपीटी नावाचं हे साधन २०१७पासून विंडोज १०सोबत येतं. ते फायलींना हात न लावता आराखडा बदलतं. अट एवढीच की डिस्कवर तीनपेक्षा जास्त मुख्य विभाग नसावेत आणि जुन्या पद्धतीचे "लॉजिकल" विभाग मुळीच नसावेत. आपल्याकडे सी, डी, ई, एफ असे तुकडे पाडून देण्याची पद्धत होती, त्यामुळे इथे गाडी अडू शकते. मग शेवटच्या तुकड्यांतला माल दुसरीकडे हलवून ते तुकडे आधी काढावे लागतात. या साधनात खरा बदल करण्याआधी नुसती तपासणी करून बघता येते. ती आधी कराच. आराखडा बदलल्यावर तीच डिस्क जुन्या पद्धतीनं सुरू होणार नाही. म्हणून हे जुन्या बोर्डावरचं अगदी शेवटचं काम.

## किल्ली वॉचमनकडे होती

आता ज्या गोष्टीमुळे लोकांचं खरोखर नुकसान होतं तिच्याकडे येते. ड्रायव्हरचा घोळ झाला तर तो निस्तरता येतो. इथे चुकलं तर फोटो कायमचे जातात.

अनेक कॉम्प्युटरवर, विशेषतः गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपवर, डिस्कवरचा सगळा मजकूर कुलूपबंद असतो. याला बिटलॉकर म्हणतात. होम आवृत्तीत "डिव्हाइस एन्क्रिप्शन" असं नाव दिसतं. मालकाला बऱ्याचदा पत्ताच नसतो, कारण रोज कुलूप आपोआप उघडतं. २०२४च्या विंडोज ११ आवृत्तीपासून नव्यानं विंडोज बसवून मायक्रोसॉफ्ट खात्यानं आत गेलं की बहुतेक मशिनवर हे कुलूप स्वतःहून लागतं.

ते आपोआप उघडतं कसं? सोसायटीच्या दारावर वर्षानुवर्षांचा वॉचमन असतो तसा बोर्डावर टीपीएम असतो. कुठे ती वेगळी चिप असते, कुठे प्रोसेसरच्या आतच केलेली सोय. डिस्कची किल्ली या वॉचमनकडे ठेवलेली असते. कॉम्प्युटर सुरू होताना तो बघतो, सगळं कालच्यासारखंच आहे ना? तसं असेल तर किल्ली देतो. बोर्ड बदललात म्हणजे वॉचमन बदललात. नवा कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्याकडे तुमची किल्ली नाहीच. मग निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की विचारली जाते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती असेल तर दोन मिनिटांत आत. नसेल तर कुठलाही दुकानदार, कुठलाही इंजिनिअर, खुद्द मायक्रोसॉफ्टसुद्धा ते कुलूप उघडू शकत नाही. चोरीला गेलेल्या लॅपटॉपमधला मजकूर चोराला वाचता येऊ नये, म्हणूनच तर ते बनवलं आहे.

त्यामुळे सगळ्यात आधी विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्क कुलूपबंद आहे का ते बघा. असेल तर आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर, उपकरणांच्या यादीत रिकव्हरी की दिसते. ती वहीत लिहून ठेवा किंवा मोबाइलवर त्या पडद्याचा फोटो काढा. त्याच कॉम्प्युटरवर साठवून ठेवलीत तर तिचा उपयोग नाही. की दिसली नाही, तर कदाचित मशीन पहिल्यांदा सुरू करताना मुलाचं किंवा ऑफिसचं खातं वापरलं असेल. तिथेही पाहा. त्यानंतर कुलूप पूर्ण काढून टाका. मोठी डिस्क असेल तर याला काही तास लागतात. कुलूप तात्पुरतं थांबवण्याचाही पर्याय असतो. पण तो काही वेळा पुढच्याच सुरुवातीला आपोआप पुन्हा लागू होतो. म्हणून वेळ गेला तरी चालेल, पूर्ण काढण्याचाच आग्रह मी धरते. नव्या बोर्डावर सगळं ठीक चाललं की पुन्हा लावा, म्हणजे किल्ली नव्या वॉचमनकडे जाईल.

याच वॉचमनकडे आणखी दोन गोष्टी असतात: आत जाण्याचा पिन आणि चेहरा किंवा बोट दाखवून आत जाण्याची सोय. बोर्ड बदलल्यावर पिन चालणार नाही, नवा करावा लागेल आणि त्यासाठी पासवर्ड लागेल. कॉम्प्युटरवर साठवलेल्या पासकीही (पासवर्डऐवजी चालणाऱ्या डिजिटल किल्ल्या) तशाच जातात. बँकेचं किंवा ईमेलचं खातं फक्त त्या पासकीवर चालत असेल, तर आधी दुसरा मार्ग जोडून ठेवा.

मामांच्या मशिनवर कुलूप नव्हतं. एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर होतं. दुरुस्तीत बोर्ड बदलून आला आणि ४८ आकडे मागू लागला. की तिच्या जुन्या, कधीच न उघडलेल्या ईमेलच्या खात्यात निघाली, पण ते खातं आठवेपर्यंतचे दोन दिवस तिनं कसे काढले ते मी पाहिलंय. म्हणून हा भाग इतका लांबवला.

## लायसन्सचं काय? विंडोज "चोरीचं" तर ठरणार नाही?

लायसन्सचे मुख्य प्रकार दोन. कॉम्प्युटरसोबत आलेलं विंडोज विजेच्या मीटरसारखं असतं: ते घराचं, घर सोडताना सोबत नेता येत नाही. वेगळं विकत घेतलेलं, ज्याला रिटेल म्हणतात, ते गॅस कनेक्शनसारखं. ते तुमच्या नावाचं आणि दुसऱ्या गावी बदलून नेता येतं. विंडोज ८पासून लॅपटॉप आणि तयार डेस्कटॉपमध्ये पहिल्या प्रकारची की बोर्डातच कोरलेली असते, त्यामुळे बोर्ड गेला की कीदेखील गेली. मायक्रोसॉफ्टच्या नियमानुसार बोर्ड बदलणं म्हणजे नवा कॉम्प्युटर घेणं. बोर्ड बिघडल्यामुळे बदलला असेल तर अपवाद आहे.

विंडोज १०पासून या सगळ्याची नोंद डिजिटल लायसन्स म्हणून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर राहते आणि २०१६पासून ती आपल्या खात्याला जोडता येते. हे जोडणं म्हणजे तुमच्या हातातली दुसरी तयारी. सेटिंगमध्ये "अ‍ॅक्टिव्हेशन" उघडा. लायसन्स तुमच्या खात्याशी जोडलेलं आहे असं तिथे लिहिलेलं दिसायला हवं. दिसत नसेल तर त्याच खात्यानं आत जाऊन जोडा. बोर्ड बदलल्यावर त्याच पानावरच्या ट्रबलशूटमध्ये "मी नुकतंच हार्डवेअर बदललं" हा पर्याय निवडायचा आणि यादीतून आपला जुना कॉम्प्युटर दाखवायचा. होमचं लायसन्स होमलाच, प्रोचं प्रोलाच लागतं.

रिटेल असेल तर हे बहुधा सुरळीत होतं. सोबत आलेलं असेल तर कधी होतं, कधी होत नाही, आणि झालं नाही तर नवं लायसन्स घेण्याची तयारी ठेवा. त्याची किंमत आधीच हिशेबात धरलेली बरी. विंडोज ७ किंवा ८ची जुनी की घालून काम भागवण्याचा रस्ता मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२३मध्ये बंद केला. फारच स्वस्तात ऑनलाइन मिळणाऱ्या कींच्या नादी लागू नका, त्या अनेकदा एखाद्या संस्थेच्या घाऊक लायसन्समधल्या असतात आणि केव्हाही रद्द होऊ शकतात.

एक दिलासा मात्र आहे. अ‍ॅक्टिव्हेशन झालं नाही म्हणून विंडोज तुमच्या फायली अडवून धरत नाही. कोपऱ्यात अक्षरं दिसत राहतात, पडद्याचं चित्र वगैरे बदलता येत नाही. फोटो, टिपणं, प्रोग्रॅम जागच्या जागी असतात.

## दुकानात, ऑफिसात, डीटीपीवाल्याकडे

धंद्याच्या मशिनवर विंडोजपेक्षा इतर प्रोग्रॅमचीच लायसन्सं जास्त त्रास देतात. टॅलीचं लायसन्स मशिनशी बांधलेलं असतं. बोर्ड काढण्याआधी टॅलीमधूनच ते सरेंडर करा आणि नंतर पुन्हा सुरू करा. असे इतर प्रोग्रॅम असतील तर प्रत्येकात लॉग-आउट किंवा डिअ‍ॅक्टिव्हेट कुठे आहे ते शोधा. यूएसबी डोंगलवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला बोर्डाशी देणंघेणं नसतं. सीएकडची डिजिटल सही असलेलं टोकनही तसंच, सही टोकनमध्येच राहते.

नेटवर्कवर कायमचा आयपी आकडा दिलेला असेल तर तो लिहून घ्या. नव्या बोर्डावर तो घालायला गेलात की विंडोज सांगतं, हा आकडा आधीच दुसऱ्या कार्डाला दिलाय. ते दुसरं कार्ड म्हणजे काढून टाकलेल्या बोर्डावरचं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये "लपलेली उपकरणं दाखवा" हा पर्याय निवडला की अशी जुनी उपकरणं फिकट रंगात दिसतात. तिथून ते जुनं कार्ड काढा.

## मग प्रत्यक्ष दिवशी करायचं काय?

सगळ्यात आधी बॅकअप. फॉरमॅट मारणार नसलो तरी. बाहेरच्या डिस्कवर फोटो आणि कागदपत्रांची प्रत काढा आणि त्यातल्या चारदोन फायली दुसऱ्या मशिनवर उघडून बघा. न तपासलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

जुन्या बोर्डाच्या कंपनीनं दिलेले पंखे, दिवे, वेग वगैरे सांभाळणारे प्रोग्रॅम काढून टाका. नव्या बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून नेटवर्कचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या. बोर्ड बदलल्यावर विंडोज सुरू होतं, पण इंटरनेटच नाही, आणि इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही, अशी कोंडी हमखास होते. पेनड्राइव्ह विसरलात तर अँड्रॉइड मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

शेवटचं एक काम लोक नेहमी विसरतात. विंडोज ८पासून "शट डाउन" म्हणजे पूर्ण बंद होणं नव्हे. फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज स्वतःच्या आतल्या भागाची त्या क्षणाची स्थिती डिस्कवर लिहून झोपतं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उठतं. त्या स्थितीत जुना बोर्ड गृहीत धरलेला असतो. रात्री एका घरात झोपलेला माणूस सकाळी दुसऱ्याच घरात जागा झाला, तर अंधारात जुन्या जागी दिव्याचं बटण चाचपणार. शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउन करा, म्हणजे ते पूर्ण बंद होतं.

मग प्लग काढा, बोर्ड बदला. पहिल्यांदा सुरू केल्यावर थेट विंडोजकडे धावू नका, आधी बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन रॅम आणि एसएसडी दिसतेय का, डिस्कचा प्रकार कोणता आहे, टीपीएम चालू आहे का ते बघा. एएमडीच्या काही बोर्डांवर पहिल्याच वेळी "नवा प्रोसेसर दिसतोय, टीपीएम नव्यानं सुरू करू का" असं विचारलं जातं. बिटलॉकर आधी काढलेलं असेल तर निर्धास्तपणे हो म्हणा, नसेल तर रिकव्हरी की हाती येईपर्यंत हो म्हणू नका. विंडोज सुरू झालं की त्याला दहा-पंधरा मिनिटं त्याच्या मनानं काम करू द्या. पडदा लुकलुकेल. घाबरून पॉवरचं बटण दाबू नका.

## इंटेलवरून एएमडीवर गेलं तर?

चालतं. दोघांचे प्रोसेसर एकच यंत्रभाषा बोलतात, ड्रायव्हर तेवढे वेगळे. जुन्या कंपनीचा चिपसेट ड्रायव्हर (बोर्डावरच्या मुख्य चिपांचा) काढून नवा घाला. लिनक्सवाल्यांना तर याचं नवल वाटणार नाही. तिथे बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबतच येतात, डिस्क काढून नव्या बोर्डाला लावली की बहुधा सुरू होते. नेटवर्क कार्डाचं नाव बदललेलं मात्र दिसतं, आणि काही वेळा सुरू करण्याची नोंद नव्या बोर्डात पुन्हा करावी लागते, कारण ती नोंद डिस्कवर नसून जुन्या बोर्डाच्या स्मृतीत राहिलेली असते.

## "त्यापेक्षा स्वच्छ फॉरमॅट काय वाईट?"

वाईट काहीच नाही, कारण असेल तर. विंडोज ७ किंवा त्याआधीचं असेल, ३२ बिटचं असेल, व्हायरसनं पोखरलेलं असेल, किंवा जुन्या बोर्डावरही रोज अडकत असेल, तर नव्यानंच बसवा. जुनं दुखणं नव्या बोर्डासोबत येतंच. विंडोज ११ फक्त ६४ बिटचं आहे आणि ३२ बिटवरून ६४ बिटवर फॉरमॅटशिवाय जाता येत नाही. बोर्ड बदलल्यावर आठवडाभरानंतरही मशीन विनाकारण अडखळत असेल, तरीही फॉरमॅटचा पर्याय उरतोच. तो कधीही वापरता येतो. मोडलेली घडी मात्र परत मिळत नाही, म्हणून फॉरमॅट हा पहिला उपाय नसावा एवढंच माझं म्हणणं.

## बोर्ड अचानकच गेला असेल तर?

तयारीला वेळच मिळाला नाही, वीज आली-गेली आणि बोर्ड जळला, असंही होतं. तरी आधी फॉरमॅट नाही. एसएसडी यूएसबी खोक्यात घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. फायली दिसल्या तर कुलूप नाही, लगेच प्रत काढून घ्या. की विचारली तर वर सांगितल्याप्रमाणे मोबाइलवरून आपल्या खात्यांत शोधा. मग ती एसएसडी नव्या बोर्डाला लावून सुरू करून बघा. दोनदा सुरू होता होता अडकलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतं, तिथून सेफ मोडमध्ये जाता येतं, आराखडाही तिथूनच बदलता येतो.

मामांच्या मशिनला एकूण चार तास लागले. त्यातले अडीच तास आराखड्यात गेले, कारण एफ ड्राइव्हमधली टिपणं आधी हलवावी लागली. डेस्कटॉप पूर्वीसारखाच उघडल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, तर एक परिच्छेद टाइप करून बघितला. बोटं जिथे जायची तिथेच अक्षरं उमटली. त्यांचा जुना बोर्ड आणि प्रोसेसर मी महिनाभर एका खोक्यात ठेवायला सांगितलं. सगळी लायसन्सं पुन्हा लागू झाली, प्रिंटर चालला, आणि बिटलॉकर पहिल्यांदाच लावून त्याची रिकव्हरी की कागदावर उतरली, तेव्हाच ते खोकं ई-कचरा घेणाऱ्याकडे गेलं.